अकरा पायऱ्यांचं गाणं

आमच्या नाटकाची तीन रेकॉर्डिंग आहेत. तिन्ही न ऐकता त्या नाटकावर तोंड उघडणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याशी घालतो, कारण त्याने दोन तर पाठ होईपर्यंत ऐकलीत आणि तरीही त्याचं चुकतं.

रविवारी त्याचं दुकान बंद असतं. काचा घासायच्या यंत्रावर फडकं टाकून आम्ही आधी पहिल्या संचाची तबकडी लावतो, मग दुसऱ्या संचाची कॅसेट. गेली वीस वर्षं हेच चाललंय. पहिल्या नायिकेचा आवाज स्वच्छ आहे, हे मीही मान्य करतो, मी काही बहिरा नाही. पण दुसऱ्या संचातली नायिका माझी ताई आहे आणि ती निरोपाचं गाणं गाते तेव्हा बाई खरंच कुणाला तरी सोडून निघालीय, हे कळतं. चष्मेवाला एवढंच म्हणतो, की दुसऱ्या कडव्याआधी तुझी ताई दोन मात्रा उशिरा येते. तेव्हाच्या परीक्षकानेही पेपरात तेच छापलं होतं: नव्या नायिकेला ताल सांभाळता येत नाही.

आता खरं सांगतो. ती उशिरा आली ती माझ्यामुळे. मी त्या मंडळीचा सुतार. पहिल्या संचात नायिका खिडकीशी उभी राहून गायची. दुसऱ्या वेळी दिग्दर्शकाला तिने गाता गाता जिना उतरायला हवा होता. दोन कडव्यांमधलं संगीत नऊ मात्रांचं, म्हणून पायऱ्या नऊ. पण ताईचा पोशाख घोळदार, पायात येणारा. उंच पायऱ्यांवरून ती तोंडावर आपटेल या धास्तीने मी पायऱ्यांची उंची कमी केली आणि तेवढ्याच जिन्यात अकरा बसवल्या. वादकांना विचारायचं मला सुचलंच नाही. सुताराने मोजायचं ते लाकूड, मात्रा कशाला मोजेल?

पहिल्याच प्रयोगात ताईच्या दोन पायऱ्या उरल्या आणि संगीत संपलं. वादकांनी तिला सांभाळून घेतलं, आणि पुढे सगळ्यांना तीच सवय लागली. रेकॉर्डिंगच्या खोलीत सपाट फरशी होती, तरी सगळे दोन मात्रा थांबले. परीक्षकाने लिहिल्यावर मी म्हटलं, खरं काय ते सांगून टाकतो. ताईने मला गप्प बसवलं. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि तिला माझ्या नोकरीची काळजी. नोकरी टिकली. तिला मात्र पुढच्या नाटकात कुणी बोलावलं नाही आणि तिने टेलिफोन खात्यात जन्म काढला. ही गोष्ट मला अजून खाते.

यंदा त्याच नाटकाच्या तिसऱ्या, नव्या संचाचा शंभरावा प्रयोग आहे. ताईला सन्मानाचं बोलावणं आलं. तिने ते रद्दीत सरकवलं आणि म्हणाली, ताल चुकणारी बाई म्हणून मला चारचौघांत बसायचं नाही.

त्याच आठवड्यात चष्मेवाला माझ्या कारखान्यात आला. रंधा थांबवायला लावून त्याने मोबाइलवर नव्या संचाचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी ती नवी मुलगी थांबली. बरोबर दोन मात्रा. मी म्हटलं, म्हणजे यांचाही जिना चुकलेला दिसतोय.

"जिनाच नाही," चष्मेवाला म्हणाला. "काल बघून आलो. रिकामं स्टेज. ती नुसती उभी राहते आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसतं." प्रयोगानंतर त्याने तिला गाठून विचारलं होतं, की इथे का थांबतेस. ती लहानपणापासून ताईची कॅसेट ऐकत आलेली. तिने उलट त्यालाच विचारलं, गाणं असंच आहे ना?

वीस वर्षांनी तो म्हणाला, की तुझ्या ताईचं बरोबर होतं. मला ते त्याच्याकडून लिहून घ्यावंसं वाटत होतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं आणि तिन्ही रेकॉर्डिंग ओळीने लावली. स्वतःचा आवाज सुरू झाल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही. तिसरं लागलं तेव्हा ती दारात येऊन उभी होती. ती मुलगी थांबली आणि ताईचा पाय फरशीवर दोनदा अलगद पडला. मग मुलगी गाऊ लागली.

ताईने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने रद्दीतून ते पत्र काढलं.

"कळव त्यांना, येते म्हणून," ती म्हणाली. "आणि तू पुढच्या रांगेत बस. जिना कोणी केला होता, ते मी स्टेजवरून सांगणार आहे."

मी म्हटलं, आता या वयात कशाला, लोक माझ्या मोजमापाला हसतील.

"हसू देत. जिना मोडला, तरी तुझ्या दोन पायऱ्या अजून कुणाला काढता आल्यात का?"