झैनबचे उच्चार

छत्तीस वर्षं मी चीनमधल्या शिआन शहरातल्या एका शाळेत लहान मुलांना शुद्ध बोलायला शिकवलं. शाळेच्या प्रत्येक जिन्यावर 'प्रमाण भाषेत बोला' अशी पाटी असे आणि पाटीखाली बहुतेक वेळा मी उभी असे. जो पोरगा गल्लीच्या बोलीत तोंड उघडेल, त्याला मधल्या सुट्टीत तेच वाक्य दहा वेळा नीट म्हणायला लावायची. मुलं मला पाठीमागे 'गाळणी' म्हणत. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्यात कुणाचा दोष हे शोधत बसायला नको.

त्या हिवाळ्यात माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. वय चौऱ्याऐंशी. हातपाय सावरले, पण पन्नाशीनंतर माझ्या हट्टापायी ती जी प्रमाण भाषा शिकली होती, ती पार पुसली गेली. उरली ती फक्त मशिदीमागच्या आमच्या, चिनी मुसलमानांच्या, जुन्या गल्लीची बोली. गल्ली पाडून तिथं दुकानं झालेली, तिथल्या म्हाताऱ्या एकेक करून गेलेल्या, आणि आम्ही दोघी शहराच्या दक्षिणेला बाराव्या मजल्यावर. शेजारी कुणी सिच्वानचं, कुणी कँटनकडचं. मला बोली कळते, पण तोंडातून निघत नाही. शिक्षिका व्हायचं म्हणून तरुणपणी मीच ती जिभेवरून घासून काढली होती.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ती आवाजावरून ओळखायची. मी जवळ जाऊन "आई, थोडं खाऊन घे ना," म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा तिनं मलाच विचारलं, "माजी लेक कवा यायची?"

"आई, मीच तुझी लेक."

तिनं कान देऊन ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले. खाणं अर्ध्या वाटीवर आलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर उन्हाळा निघणं कठीण आहे.

अशात मशिदीतल्या मौलवींचा निरोप आला. किर्गिझस्तानातून एक मुलगी चिनी शिकायला आली आहे, आपल्यातलीच आहे, हलाल स्वयंपाकाचं घर हवंय, ठेवून घेता का? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनात म्हणत मी हो म्हटलं. मौलवींना नाही कोण म्हणणार?

दार उघडलं तर समोर एकोणीस वर्षांची उंच पोरगी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात लाल मिरच्यांच्या लोणच्याची बरणी.

"सलाम, बाई. म्या झैनब. वाऱ्याच्या नावंनं आले बगा तोकमोकवरनं. लई दमले."

वाऱ्याची नाव म्हणजे विमान! हसू दाबता दाबता मला ठसका लागला. तिचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी लढाई हरून आमच्याच मुलखातून बर्फाचे डोंगर ओलांडून पळाले होते. अंगावरच्या कपड्यांबरोबर बोली तेवढी गेली. पुढं जे जे नवं आलं, त्याला त्यांनी आपल्या घरचीच नावं दिली.

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"कोन गं त्ये? कुनाची पोर?"

"तोकमोकची हाय, आज्जे! दाउरांची."

"दाउर? आपल्या गल्लीत न्हाई कोन दाउर."

"नसंल. आमचं समदं कवाच पळून गेलं न्हवं का!"

"मंग आलीस कशी परत? ये, हिकडं ये. हात बगू. बाई गं, बरफ झालेत की!"

मी बरणी हातात घेऊन दारातच उभी राहिले. माझ्या घरात मला कुणी आत बोलावत नव्हतं.

त्या दिवशी मी मटणाचा रस्सा केला होता. आमच्याकडं जाड रोटी हातानं बारीक कुस्करून रश्श्यात घालतात, आणि कुस्करण्यावरून माणसाची पारख होते. आईनं झैनबच्या वाडग्यात बोटं घालून पाहिली.

"ह्ये काय! बैलाला घालतीस काय? चण्यायेवढं कर."

"आमच्याकडं असंच खात्यात, आज्जे."

"म्हनूनच पळाली तुमची मानसं."

दोघी खदखदून हसल्या. आईनं अख्खा वाडगा संपवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पुढचे दोन महिने घरात गल्ली नांदत होती. साडेतीनला झैनब वर्गावरून आली की आई उशीला टेकून तयार असायची. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कुणाच्या बकरीनं कुराणाच्या वर्गात घुसून काय केलं, सगळं निघायचं. आईच्या गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी मला विचारलं, औषध बदललंत का?

पण पोरगी ज्यासाठी घर सोडून आली होती, ते बिनसत चाललं होतं. आल्या दिवशी बाजारात भाव पाडून कोथिंबीर आणणारी ही एकटीच परदेशी विद्यार्थिनी, आणि बोली अशुद्ध म्हणून तिला बसवलं होतं सगळ्यात खालच्या वर्गात. जूनमध्ये तोंडी परीक्षा होती. त्यात नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद आणि परत तोकमोकला, बापाच्या कांद्याच्या शेतावर. घरात लग्नाचं बघणं सुरूच होतं. उत्तम गुण मिळाले तर शांघायच्या विद्यापीठात जागा.

मार्चमधल्या एका दुपारी ती आली ती डोळे सुजवून.

"समदे हसत्यात, बाई. त्या कोरियाच्या पोरीला साधी भाजी घेता येत न्हाई, ती बी हसती. मास्तर म्हनले, तू बोललीस की जुन्या काळच्या राजाचा दरबार भरल्यावानी वाटतंय. मला शिकवा तुमी. मला माघारी न्हाई जायाचं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सात वर्षं कपाटात पडलेला छोटा आरसा मी काढला. कागदाची पट्टी कापली आणि तिच्या ओठांसमोर धरली: या अक्षराला पट्टी हललीच पाहिजे, त्या अक्षराला अजिबात हलता कामा नये. सूर चढतो कुठं, पडतो कुठं, ते हातानं हवेत काढून दाखवलं. पोरगी विलक्षण हुशार. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आठवड्यानं माझ्या लक्षात आलं की दुपारी मी जे बसवते, ते संध्याकाळी आईच्या खोलीत विस्कटतं. मग मी नियम केला. "या दारातून आत आलीस की गल्लीची बोली बंद."

"आज्जीसंगं बी?"

"आजीशीसुद्धा. जूनपर्यंत. बोली काय कुठं पळून जातेय?"

माझी स्वतःची पळून गेली होती, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि मी ते बाजूला सारलं. आईचं काय होईल हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, पोरीचा अख्खा जन्म पुढं आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण पोरीचा जन्म हे अर्धंच कारण. अर्धं हे की आईच्या खोलीत मला जागा नव्हती, आणि आरशासमोर होती.

झैनबनं नियम पाळला. आईच्या खोलीत जायची, पाय चेपायची, केस विंचरायची, पण तोंड उघडायची नाही. आई बिचारी म्हणायची, "त्वांड आलंय का गं पोरी? आवळा धर गालात." पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली. वाडगा पुन्हा अर्धा परत यायला लागला.

मे महिन्यात एकदा आतून कुजबुज ऐकू आली. "आज्जे, येकच घास. माज्यासाटी."

मी दाराशी गेले आणि दारावर टिचकी वाजवली. कुजबुज थांबली. ती टिचकी मला अजून ऐकू येते.

परीक्षेत झैनबला शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले. परीक्षकांनी तिला विचारलं म्हणे, लहानपणी बीजिंगला शाळेत होतीस का? ती धावत जिना चढून आली, लिफ्टची वाट न बघता, आणि माझ्या गळ्यात पडली. "बाई, मला शांघायला प्रवेश मिळाला!" एकेक अक्षर मोत्यासारखं. मी सगळ्या मजल्यावर मिठाई वाटली.

निघायच्या दिवशी सकाळपासून मी मटणाची डम्पलिंग करत होते. निघणाऱ्याला डम्पलिंग आणि आलेल्याला नूडल्स, ही आमच्याकडची रीत. झैनबनं सामान दाराशी ठेवलं, वाफाळती बशी घेतली आणि म्हणाली, "आता नियम संपला ना, बाई?"

"संपला. जा."

ती आईच्या पलंगापाशी खाली बसली. आई केवढीशी झाली होती. मी दारातच थांबले.

"आज्जे," झैनब म्हणाली, "मी आज निघालेय. परीक्षा छान झाली. आता आपण पोटभर गप्पा मारूया. हे बघ, तुझ्यासाठी डम्पलिंग आणलीत."

आपण गल्लीच्या बोलीत बोलतोय, असंच तिला वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच होता.

आई धडपडत उठून बसली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हात मांडीवर नीट ठेवले. कचेरीतलं कुणी घरी आलं की गल्लीतल्या बायका तशा बसायच्या.

"बसा, बाई," आई म्हणाली. "च्या घ्या. आमची पोर साळंला गेलीया, यील इतक्यात. तिच्याशी बोला तुमी. मला म्हातारीला न्हाई कळत तुमचं."

झैनबच्या हातातली बशी तशीच राहिली. तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं, मग आणखी एकदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मीच शिकवल्याप्रमाणे. आई आदबीनं मान हलवत होती, आणि मधूनमधून कान दाराकडे लावत होती.

मग झैनबनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. वर्गात उत्तर हुकलेली मुलगी बघते तशी ती बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "माझं कुठं चुकलं?"

"नाही गं," मी म्हटलं.

आणि खरंच, तिचा एकही उच्चार चुकला नव्हता.