डोझरच्या पोटातला पिनियन

दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यात उल्का गिअर डिझाइन करायची. ती नोकरी सोडून तिने तलावांतला गाळ काढायची कामं घ्यायला सुरुवात केली. गाझियाबादजवळच्या एका गावाने तिला आपल्या तलावाचं काम दिलं, पण तिथल्या चिखलात टायरवाल्या मशिनी रुतून बसायच्या. म्हणून तिने गाझियाबादच्या एका बंद वीटभट्टीवरचा, लोखंडी पट्ट्यांवर चालणारा लोडर विकत घेतला. वयाने तिच्याहून मोठा.

इंजिन सुरू झालं, बकेटही उचलू लागली. पण डावा पट्टा हलेना, आणि लोडर जागच्या जागी गोल फिरत राहिला. उल्काने आणि तिच्या बाबांनी, दिनकररावांनी, डावी बाजू उघडली. पट्ट्याला जोर देणाऱ्या पिनियनचे, म्हणजे लहान दातेरी चाकाचे, दात पार उडाले होते.

"नवा बनवून घेऊ," बाबा म्हणाले.

"महिने जातील हो. तोवर गाववाले दुसऱ्याला काम देतील."

दिल्लीत काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या दुकानदारांनी पिनियनचा फोटो पाहून हातच जोडले. एक जण म्हणाला, "मॅडम, अब ये नहीं आता." उल्का हिरमुसून परतली आणि लोडरच्या सांगाड्याकडे बघत बसली. अचानक ती उठली.

"बाबा! या कंपनीचा डोझरही होता ना? हाच सांगाडा, फक्त पुढे बकेटऐवजी पातं! म्हणजे आतलं सामानही तेच असणार!"

"मग भंगारात डोझर शोध की!"

ती फोनवर फोन करत सुटली. शेवटी मायापुरीच्या बलबीरसिंग नावाच्या भंगारवाल्याने सांगितलं, "डोझर है जी. पर कटिंग चल रही है."

"रोको! प्लीज, मैं आ रही हूँ!"

तुटका पिनियन डिकीत टाकून दोघं निघाले. यमुनेच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बाबा दर थोड्या वेळाने बलबीरसिंगला फोन लावत होते. "बस जी, पहुँच ही गए!" ते बेधडक सांगत, आणि उल्काला एवढ्या घाईतही हसू येई.

मायापुरीत पोचेपर्यंत पातं कापून झालं होतं, केबिन जमिनीवर होती, आणि कामगार गॅसची ज्योत घेऊन थेट डाव्या बाजूकडे वळला होता.

"रुको!" उल्का धावली. ज्योत विझली.

झाकण उघडायला जोर लागला. आत घट्ट झालेलं काळं तेल. उल्काने बाहीची पर्वा न करता हात घातला, चिंधीने पुसलं. सगळे दात शाबूत! पिनियन बाहेर निघाल्यावर तिने शेजारी तुटका धरला. लांबी, खाचा, बेअरिंगची जागा, सगळं जुळलं.

"बाबा, तोच आहे! अगदी तोच!"

दिनकररावांनी बलबीरसिंगला मिठीच मारली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "दूसरी साइड वाला भी ले जाओ, जी!" तोही त्यांनी घेतला.

पिनियन बसवल्यावर उल्का सीटवर चढली. तिने लिव्हर पुढे ढकलला. लोडर कुरकुरला, थरथरला आणि दोन्ही पट्टे एकदम फिरू लागले. मशीन सरळ निघाली! तिने डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. बाबा शेजारून टाळ्या वाजवत चालत होते.

"थांबव, थांबव!" ते ओरडले.

उल्काने घाबरून ब्रेक दाबला. "काय झालं?"

"काही नाही. मला वर घे!"