तेल पाजलेलं चाक

बॅटरीची स्कूटर जागची हलेना. कुलदीपनं मूठ पिळली, पुन्हा पिळली, पार मनगट मुडपेपर्यंत पिळली. समोरचा दिवा लागलेला, हॉर्न वाजतोय, बॅटरी भरलेली, आणि चाक आहे तिथंच. बरडावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ माळावरच्या त्या पत्र्याच्या मांडवात जमलेल्या बायाबापड्यांपैकी कोणीतरी किंचाळलं, "भुतानं धरली वो माय, धरली!"

"धरलीच!" भूत उतरवणारा भगवंतबापू गरजला. "मांगं पाहा, मांगं! लाल डोळा पेटला का नाई?"

सगळ्या माना मागे वळल्या. गाडीचा मागचा लाल दिवा ढणढण पेटलेला होता. दोन बायांनी तिथंच लोटांगण घातलं. बापूला तर आणखीच चेव आला.

"पेट्रोलच्या गाडीत आग असते. आगीले भूत भेते. हे बॅटरीची गाडी हाय थंडी! भुतासाठी एसी डबाच समजा हा. कंपनीवाले सांगते का तुमाले हे? नाई सांगत! भुताची वॉरंटी कोणी देत नाई, थे फक्त बापू देते."

लोक हसले नाहीत. माना डोलवल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, माझीही गाडी बॅटरीचीच आहे, आणि शाळेतून परतताना या गर्दीनं रस्ता अडवला म्हणून मी तिथं उभी होते. मी मागून ओरडले, "अहो, तो ब्रेकचा दिवा आहे! ब्रेक दाबला गेला की पेटतो!"

"ब्रेक कोणी दाबला मग?" बापूनं दोन्ही हात वर केले. "पोट्ट्याचे बोटं तं मोकळे दिसून राहिले. मॅडम, तुमी पोट्ट्यायले पाढे शिकवा, जा."

कुलदीपची बोटं खरंच मोकळी होती. मी पुढे घुसायच्या आत चार बाप्यांनी मला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. बाहेरून मी पुढचं पाहिलं. बापूनं हँडलवर दोन्ही पंजे ठेवले, डोळे फिरवले, फूं फूं केलं, आणि चेल्यानं मांडवात शिरतानाच काळ्या दोऱ्यानं हँडलला बांधलेलं लिंबू ओढून पिळलं. गाडी टुणकन पुढे उडाली आणि "बापू महाराज की जय" नं पत्रे हादरले.

मग तेल. घरातल्या मोठ्या माणसानं आपल्या हातानं पुढच्या चाकाला तेल पाजायचं, असा त्या जागेचा नेम होता. दर अमावस्येला. कुलदीपचे वडील नत्थुजी तांब्या घेऊन वाकले. साधा, देवभोळा माणूस, पोरगा एकुलता एक. शेंदूर कालवलेलं तेल त्यांनी चाकाच्या मधोमध धार धरून ओतलं, अगदी मायेनं, न्हाणाऱ्या लेकराच्या टाळूवर घालावं तसं.

"आन पाना लावू नोका," बापूनं बजावलं. "मेकॅनिकचं लोखंड लागलं का बंधन तुटलं!"

ही सगळी अलीकडची गोष्ट. बोंडअळीनं कापूस खाल्ला, सोयाबीन पिवळं पडलं, पेट्रोल भरणं जिवावर येऊ लागलं, त्या वर्षांत आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला दोनच गोष्टींचं पीक जोरात आलं. एक बॅटरीच्या गाड्या आणि दुसरे बापू.

मी गाडी सुरू केली तेव्हा कुलदीप माझ्या पुढेच होता. बरडाचा उतार लांब आणि सरळ आहे, खाली नाल्याचा पूल आणि लगेच वळण. मोटारसायकल असली तर गिअर टाकून थोडी आवरता येते. आमच्या या गाडीला उतारावर खरा आधार ब्रेकचाच. अर्ध्या उतारावर कुलदीपची गाडी सुसाट सुटली. त्याचे पाय रस्त्याला घासत होते, चप्पल उडाली, आणि तो ओरडत होता, "बाजू व्हा! बाजू व्हा!"

पुलाच्या कठड्यावर तो असा आदळला की आवाज मला अजून ऐकू येतो. गाडी उलटी होऊन त्याच्या अंगावर पडली. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं आणि रक्त डांबरावरून नाल्याकडे वाहत होतं.

मी पोचायच्या आधी सुभद्रा पोचली होती. वळणावरच तिचं घर. एकटी बाई, ब्लाउज शिवून पोट भरते. शिलाई मशीनवरचं गिऱ्हाइकाचं कोरं कापड तिनं टरकन फाडलं आणि दोघींनी मिळून मांडी आवळली. कुलदीपचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "दोन्ही दाबले जी... धरूनच नाई राहिले. बाबाले सांगा, म्या जोरात नवती चालवली."

एक जीप मिळाली, अमरावतीकडे निघालो. बडनेऱ्याच्या अलीकडेच त्याचा हात माझ्या हातात गार पडला.

निघायच्या आधी, जीपची वाट बघत असताना, मी त्या मोडक्या स्कूटरकडे पाहिलं होतं. पुढच्या चाकाची ब्रेकची चकती तेलानं लालभडक. हात लांबवून मागचा ब्रेक दाबून पाहिला तर दांडी थेट मुठीला टेकली, इतकी तार ढिली. आणि त्याच दांडीवर बापूच्या चेल्यानं मांडवात शिरताना बांधलेला काळा दोरा लोंबत होता. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तेव्हा माझ्या मांडीवर एक पोरगा मरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्शीदबी धावत माझ्या दारात आली. सुभद्राची शेजारीण, बांगड्या विकते. तिच्या टोपलीतल्या अर्ध्या बांगड्या वाटेतच फुटल्या होत्या.

"मॅडम, चलो! मार डालेंगे उसको! बापूने बोला के सुभद्रानेच करणी की. हर बार वोच पहले कैसी पोचती बोलते!"

ऐका! वळणावर आधीही दोन-तीन पोरं पडली होती, आणि दर वेळी ती आधी पोचली होती. कारण तिचं घर तिथं आहे! पडलेल्याला पाणी पाजलं हाच तिचा गुन्हा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. मी नांदगावच्या पोलिसांना फोन लावला, खुर्शीदबीला मागे बसवलं आणि निघाले.

सुभद्राला तिच्याच दारातल्या कडुलिंबाच्या झाडाला बांधलं होतं. तिच्याच कात्रीनं तिचे केस कापून मातीत फेकले होते. ओठ फाटून लोंबत होता, समोरचे दात गेले होते, आणि ज्या बायांचे ब्लाउज ती शिवायची त्यातलीच एक तिला चपलेनं मारत होती. बाजूला विटांवर कढई. कढईत तेल धुरावत होतं. नत्थुजी चुलीशी बसून लाकडं सारत होते.

"खरी असंल तं हात पोळणार नाई!" बापू ओरडत होता. "घाला वं तिचा हात! आगीले भूत भेते, तापल्या तेलाले तं आणखीच भेते!"

"आधी मले बोलू द्या!" मी गर्दीत घुसले. एक गोटा येऊन कपाळावर बसला. रक्त डोळ्यात ओघळलं. खुर्शीदबीनं पुढे होऊन गोटा मारणाऱ्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो बसलाच. तेवढ्या वेळात मी नत्थुजींसमोर जाऊन उभी राहिले.

"नत्थुजी, तुमच्या पोरानं माझ्या हातात जीव सोडला. मले थोडा वेळ द्या. माझं खोटं निघालं तं तिच्या आधी माझा हात घाला या कढईत."

त्यांनी मान वर केली. डोळे नुसते निखारे. म्हणाले, "बोल."

मी माझी गाडी गर्दीच्या मधोमध उभी केली. "बापू, अडवा इले. पण तुमच्या चेल्यानं हात नाई लावायचा."

"तुह्या गाडीले भूतच नाई तं अडवू कायले?" बापू हसला. दोन-चार जणही हसले.

"बरं मग, मीच लावून देते भूत." लिंबाच्या फांदीला त्यांचाच काळा दोरा लटकत होता तो मी तोडला आणि सगळ्यांना दिसेल असा डाव्या ब्रेकच्या दांडीला आणि मुठीला मिळून आवळला. दांडी बोटभर आत आली, बस. गाडीवर बसले, मूठ पूर्ण पिळली. चाक हललं नाही. "मांगं पाहा! पेटला का लाल डोळा?"

पेटला होता. पुढं उभी असलेली म्हातारी पुटपुटली, "बाप्पा!"

"ब्रेकच्या दांडीत बटन असते. ब्रेक दाबला का मोटर बंद. दोन्ही एका वक्ती चालू राहिले तं मोटर जळंल, म्हणून कंपनीनं केलेली सोय हाय हे. मांडवात शिरताना हा चेला दोरा आवळते. बापू फूं फूं करते, लिंबू ओढते, दोरा सुटते. सरलं भूत!" मी दोरा सरकवला, मूठ जराशी पिळली आणि गाडी गुमान पुढे गेली. "या, कोणीबी या. ज्याले वाटते त्यानं भूत बांधून पाहावं."

एक जण आला. मग दुसरा. दोरा बांधला की भूत, सोडला की पळालं. गर्दीत कुजबुज वाढली. बापूनं पाय मागे घेतलेला मी पाहिला.

"गाडी अडते, थे समजलं," नत्थुजी उठले. "माह्या पोराची काहून नाई थांबली?"

हाच प्रश्न मला नको होता. चकती पाहिली तेव्हापासून मला तो नको होता. पण झाडाला एक जिवंत बाई बांधलेली होती.

कुलदीपची गाडी पुलाजवळून आणून तिथंच कुंपणाला टेकवली होती. "तुमच्या दुपट्ट्यानं हे चकती पुसा," मी म्हटलं. त्यांनी पुसली. पांढरा दुपट्टा लाल-काळा झाला. "ब्रेक म्हणजे दुसरं काय असते? ही चकती दोन पॅड चिमटीत धरतात. कोरडी असली तं धरतात. तेलाच्या हातानं तुमी विहिरीचा दोर धरून पाहा, राहते का हातात? आन मागच्या ब्रेकची तार ढिली पडली होती. थे दोन आट्यांचं काम हाय, दहा नंबरचा पाना लागते. पण पाना लावू नोका म्हणून कोणी सांगितलं होतं?"

कढईत तेल तडतडत होतं. नत्थुजी दुपट्ट्याकडे पाहत राहिले.

"तेल म्या ओतलं," ते म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, "म्या ओतलं माय! माह्या हातानं ओतलं!"

त्यांनी लाथ मारली तशी कढई उलटली, लोक किंचाळत मागे सरले. चुलीतलं जळकं लाकूड उपसून ते बापूवर धावले. पहिला फटका खांद्यावर बसला आणि बापूचा भगवा सदरा पेटला. त्याच सरशी आख्खी गर्दी त्याच्यावर तुटून पडली. सुभद्राला चपलेनं मारणारी बाई सगळ्यात पुढे होती, हातात तीच चप्पल! बापूच्या नाकातोंडातून रक्त यायला लागलं.

मला त्या माणसाची दया आली नाही. खरं सांगते, एक क्षण वाटलं, मारू दे. पण मी त्याच्या अंगावर आडवी झाले. पाठीत दोन लाथा बसल्या.

"बह्याड झाले का बे तुमी सारे!" मी ओरडले. "घडीभरापूर्वी बापू सांगे म्हणून मारत होते, आता मॅडम सांगते म्हणून मारता? तुमचं डोस्कं कुठं हाय? याले मारून टाकाल तं उद्या दुसरा येईल, आन त्याच्या सांगण्यावरून दुसरी सुभद्रा बांधाल!"

नत्थुजींच्या हातातलं लाकूड खाली पडलं. ते बापूकडे गेले नाहीत, लिंबाकडे गेले. सुभद्राच्या हाताच्या गाठी सुटेनात, तेव्हा त्यांनी त्या दातांनी तोडल्या आणि तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडू लागले. सुभद्राला बोलता येत नव्हतं. तिनं नुसता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. पोलिसांची गाडी आली ती त्यानंतर.

बापूवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला भरला. सुभद्राला मारणाऱ्यांवरही. त्यांची नावं मी स्वतः दिली, त्यात माझ्या शाळेत ज्यांची पोरं शिकतात असेही होते. आता काही जण माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

सुभद्रा अजून वळणावरच राहते. केस वाढले, दात नवे बसवले. कोणी पडलं तर आजही तीच आधी पोचते. आणि उतार सुरू होतो तिथं, मांडवाच्या जागेवर, नत्थुजी बसलेले असतात. कोरडं फडकं आणि दहाचा पाना घेऊन. येणारी प्रत्येक बॅटरीची गाडी ते हात आडवा करून थांबवतात, चकती पुसतात, ब्रेकची दांडी दाबून पाहतात, ढिली असली तर दोन आटे आवळून देतात. चकतीला तेल दिसलं तर पुढं जाऊ देत नाहीत, पॅड तेल प्यायले आहेत, आधी बदलून ये म्हणतात. पोरं त्यांना वेडं म्हणतात आणि घाईनं निघू पाहतात.

तुम्हाला हात जोडून सांगते. पूजा करायची तर करा, फूल वाहा, हळदकुंकू लावा. पण चाकाला तेल लावू नका आणि ब्रेकला दोरा बांधू नका. गाडी अडली तर का अडली ते विचारा, सुटली तर का सुटली ते विचारा, आणि उत्तर म्हणून कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं तर त्या बोटाच्या मालकाकडे नीट बघा. आणि बरडाच्या उतारावर एक म्हातारा हात आडवा करताना दिसला, तर घाई करू नका. थांबा. त्यांना तुमचा ब्रेक बघू द्या.