जवळचे फोटो

नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात पंकजा आणि कानिफनाथ हे नवरा-बायको मिळून फोटो स्टुडिओ चालवायचे. लग्नात कानिफनाथ लांबचे फोटो घ्यायचा, वरात आणि स्टेजचे. पंकजा जवळचे घ्यायची, मेंदी, जोडवी, हळदीचे हात. त्यासाठी तिच्याकडं मॅक्रो लेन्स होती. बाईमाणसाचं प्रेत सापडलं, की पंचनाम्याच्या फोटोंसाठी पोलीसही तिलाच बोलवायचे.

त्या हिवाळ्यात कानिफनाथनं कॅमेऱ्याची कंपनीच बदलायचं मनावर घेतलं. जुन्या कंपनीनं त्यांच्या कॅमेऱ्याला बसतील अशा नव्या लेन्स काढणं बंद केलं होतं. दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स वजनाला हलकी होती आणि अंधाऱ्या मंडपातही चेहरा स्वच्छ द्यायची. पण कॅमेऱ्याची बॉडी बदलली की लेन्सही सगळ्या बदलाव्या लागणार, आणि त्या कंपनीची मॅक्रो सहा महिने नगरच्या दुकानात आलीच नव्हती.

"माझी मॅक्रो तेवढी ठेवा," पंकजा म्हणाली.

"नव्या कॅमेऱ्याला ती बसनार न्हाई. आणि बदलून द्यायला दुकानदाराला जुना सगळा संच पायजे."

नदीपलीकडच्या गावातले मोठे बागायतदार रामहरी अण्णा, त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत होतं, काम यांच्याकडंच होतं. त्याआधी बघू, असं म्हणून विषय तिथंच राहिला.

जानेवारीत एका सकाळी हवालदाराचा फोन आला. रामहरी अण्णांची थोरली सून आरती मळ्यातल्या विहिरीत सापडली होती. वय तेवीस. दीड वर्षापूर्वी तिच्या लग्नाचे फोटो पंकजानंच काढले होते.

विहिरीजवळ बाजेवर तिला निजवलं होतं. "ताई, दोन-चार लांबूनच घ्या," हवालदार म्हणाला. "पाय घसरलाय. सरळ हाय सगळं."

पंकजानं दोन लांबून घेतले. मग महिला शिपायानं ओली बाही वर केली, तेव्हा तिला दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग दिसले. एका ओळीत. दुसऱ्या बाजूला पाचवा, अंगठ्याचा. तिनं मॅक्रो लावली, डागांशेजारी मोजपट्टी धरायला लावली आणि अकरा फोटो घेतले. संध्याकाळी सगळे फोटो चौकीत दिले.

पाचव्या दिवशी आरतीची आई कडूबाई सोनईहून आली.

"पोलिसांच्या फायलीत दोनच फोटो हायेत, दोनी लांबचे," ती म्हणाली. "पोरीला अग्नी बी देऊन टाकला त्यांनी. तू जवळनं बगितलंस म्हन. मला दाव."

पंकजानं कॉम्प्युटर लावला. कडूबाईनं एकेक फोटो बघितला. मग तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचा दंड धरून पाहिला.

"पाय घसरल्यावर असं व्हतं का गं?"

"न्हाई, मावशी."

आतून कानिफनाथनं पंकजाला हाक मारली. "अण्णांचा मानूस सकाळी येऊन गेला. फोटो हलले हुते असं सांगा, म्हनला. देऊ नको तिला."

"हलले न्हाईत," पंकजा म्हणाली. तिनं अकराही फोटो छापून कडूबाईच्या पिशवीत घातले.

कडूबाई ते घेऊन नगरला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं गेली. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडं आला, आरतीच्या नवऱ्याला अटक झाली. अण्णांच्या धाकट्याच्या लग्नाचं काम दुसऱ्या स्टुडिओकडं गेलं. मागोमाग त्या गावची आणखी चार लग्नं गेली. पंकजा जबाब द्यायला गेली, त्या दुपारी कानिफनाथ जुना कॅमेरा आणि सगळ्या लेन्स घेऊन नगरला गेला आणि बदलून आला.

"मला इचारायचं तरी," ती म्हणाली.

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"न्हाई."

"मला भ्या वाटतं, पंकजा. आता पोलिसांनी बोलावलं तर आपल्याकडं ती लेन्सच न्हाई, असं सांगता येईल."

आठवड्यानं नव्या अधिकाऱ्याचा फोन आला. फोटो बनावट आहेत असं अण्णांच्या वकिलानं लेखी दिलं होतं. ज्या कॅमेऱ्यानं ते काढले तो कॅमेरा, लेन्स आणि मूळ मेमरी कार्ड जमा करायचं होतं. कार्ड कपाटात होतं. कॅमेरा नव्हता.

कानिफनाथ त्याच दिवशी नगरला धावला. दुकानदारानं बॉडी आणि मॅक्रो नाशिकच्या कुणाला तरी रोखीनं विकली होती, नाव-नंबर काही नव्हतं. कानिफनाथ नाशिकमध्ये दोन दिवस दुकानं पालथी घालून रिकाम्या हातानं परतला. जागरणानं डोळे सुजले होते.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच अधिकाऱ्यापुढं जाऊन बसला. पंकजा शेजारी होती.

"कॅमेरा विकायची घाई का केली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

कानिफनाथ म्हणाला, "भीतीनं, साहेब. रामहरी अण्णांचा मानूस घरी आला हुता." मग त्यानं त्या माणसाचं नाव सांगितलं, वार आणि वेळही सांगितली. लिहून झाल्यावर सही केली.

आरतीचा नवरा दोन महिन्यांनी जामिनावर सुटला. खटला अजून उभा राहिलेला नाही. कडूबाई दर तारखेला एसटीनं येते आणि पुढची तारीख घेऊन जाते. पंकजा आणि कानिफनाथ आता शिर्डीला हॉटेलांच्या खोल्यांचे फोटो काढतात. नदीपलीकडून काम येत नाही.