पॅन हर्षालीचं, पाहुणे गोरक्षचे

आयकर खात्याचा मेल हर्षालीने शाळेच्या स्टाफरूममध्ये तीनदा वाचला. त्र्यंबकेश्वरच्या घरातून गेल्या वर्षी आठ लाख चाळीस हजार आले, आणि तिच्या विवरणपत्रात त्याचा पत्ताच नाही. पगाराखेरीज रुपया तिने पाहिला नव्हता.

घर वडिलांमागे तिच्या आणि थोरल्या भावाच्या, गोरक्षच्या, नावावर होतं. दर्शनाला येणाऱ्यांना दोन खोल्या ॲपवरून द्यायच्या ठरल्यावर तो म्हणाला होता, "तुझं पॅन कार्ड दे, नुसतं नावापुरतं." भाडं जमा व्हायचं त्या दोघांच्या जोडखात्याचं एटीएम कार्ड मात्र त्याच्याच खिशात.

संध्याकाळी ती नाशिकरोडला कर सल्लागार नाझिया मॅडमकडे गेली.

"ॲप दर बुकिंगमागे थोडा कर कापून तुमच्या पॅनवर भरतं, म्हणून आयकर खात्याला सगळं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "पण तो अगदी चिमूटभर. उरलेला तुम्ही भरायचा. आणि हा आकडा ॲपचं कमिशन कापायच्या आधीचा. ते आणि खरा खर्च वजा होईल, पण बिलं हवीत."

"पैसे भावाने घेतलेत."

"आयकर खातं पॅन बघून विचारतं. आधी त्यांच्याकडून हिशेब आणा."

रविवारी ती त्र्यंबकला पोचली तेव्हा गोरक्ष ओट्यावर चादरी वाळत घालत होता.

"दादा, खर्चाची बिलं दे."

"कसली बिलं? चादरी मी धुतो, संडास मी घासतो. तू नाशकात बसून मास्तरकी करते."

"मला दोन-तीन लाख सांगितलेस. आठ लाख निघाले."

"पॅन देताना हात मोडला नव्हता ना? लग्न झालं, घर सुटलं तुझं. आता इचारणारी तू कोण?"

खोलीतल्या पाहुण्यांनी दार किलकिलं केलं. घरून निघताना कराचा अर्धा बोजा मुकाट्याने उचलायचं तिने ठरवलं होतं. ॲपवरची नोंदणी तिच्याच नावाने होती. आता तिने फोन काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुढची सगळी बुकिंग बंद केली.

गोरक्ष अंगावर धावून आला. ती हलली नाही. तो आत गेला, पिशवीभर बिलं आणून तिच्या पायाशी फेकली. "घे, घाल घशात!"

तिने खाली बसून एकेक कागद गोळा केला.

श्रावण तोंडावर आला, खोल्या रिकाम्याच. गोरक्ष झक मारत नाझिया मॅडमच्या ऑफिसात आला. खोल्या स्वतःच्या नावाने सुरू करायच्या होत्या, आणि त्याला सहमालक म्हणून हर्षालीची संमती लागत होती; तीही तिथेच बसली होती.

"करता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण आधी गेल्या वर्षातला तुमचा अर्धा वाटा तुमच्या विवरणात दाखवा आणि त्यावर कर भरा."

दातओठ खात त्याने विवरणपत्रावर सही केली. मग बहिणीकडे वळला. "झालं समाधान?"

"नाही. माझ्या वाट्याचं भाडं अजून यायचंय."

तो खुर्ची मागे सारून निघून गेला. हर्षालीने आपल्या वाट्याचा कर तिथेच, व्याजासकट, भरला.