हरणदेवाच्या पोटातलं भोक

मित्रांनो, मी एक जुना काशाचा बिल्ला आहे. नक्की किती जुना, हे ठरवायला तज्ज्ञ आले आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

मला घडवणाऱ्या भटक्या लोकांना घर नव्हतं, घोडे होते. उत्तरेच्या गवताळ माळांवर ते फिरत. माझं तांबं एका डोंगराचं, कथील दुसऱ्या टोळीला लोकर देऊन घेतलेलं, आणि अंगावरचं पाय दुमडलेलं हरीण काढायला ते तिसऱ्यांकडून शिकले. मी सरदाराच्या कमरेवर मिरवलो. पुढे घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर बंदर गाठलं, गलबतात चढलो आणि अखेर कोकणातल्या धामापूरच्या चिखलात रुतलो.

तिथल्या एका शेतकऱ्याच्या, म्हणजे आजच्या सत्यवानच्या पणजोबांच्या, नांगराला मी लागलो. त्यांनी मला देव्हाऱ्यात बसवलं. हरणदेव म्हणून चार पिढ्या मी खोबऱ्याचा नैवेद्य खाल्ला. सत्यवानची आई राधाबाई मला दर सणाला कोकमाची आंबट सोलं आणि राख लावून घासायची. माया फार. पाठीवरचा हिरवा गंज तेवढा वाचला होता, कारण देवाची पाठ कोणी बघत नाही.

यंदा सत्यवानने माझा फोटो गोव्यातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉयसबाईंना पाठवला. उत्तर आलं: घोडेस्वारांचं काम दिसतं, गंजाला हात लावू नका, मी येते. सत्यवानने आईला त्यातलं शेवटचंच सांगितलं.

"पावणे येतले आणि देव असो काळवंडलेलो?" म्हणत राधाबाईने मला कल्हईवाल्याकडे नेलं. त्याने पुढून-मागून चकचकीत करून दिलं.

जॉयसबाईंनी पिस्तुलासारखं यंत्र माझ्यावर रोखलं.

"गो बाय, देवावर बंदूक धरतत?"

"काकी, ह्यां नुसतां बघता. धातू खंयसून इलो ता सांगता."

यंत्राने सांगितलं, कथील. पाठीवर धरलं, तिथेही कथील.

"काकी, ही कल्हई कधी केलात?"

"काल. तुमच्यासाठीच," राधाबाई लाजून म्हणाली.

यंत्राला वरचं कातडंच दिसतं, आणि ते आता कल्हईच्या कथलाचं. आतलं बघायचं तर चिमूटभर चुरा हवा, म्हणजे भोक पाडायला हवं. राधाबाई चहा टाकायला गेली तेव्हा सत्यवान हळूच म्हणाला, "पोटाकडसून घेवा. आवशीक दिसाचा नाय."

दोन महिन्यांनी अहवाल आला. मी खरा निघालो, मित्रांनो. तांबं कुठलं, कथील कुठलं, हात कोणाचे, सगळं त्यात होतं. अडीच हजार वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी माणसं मला परत दिली. सत्यवानने अहवाल मोठ्याने वाचला. शेवटची ओळही वाचली: नमुना पोटातून, छिद्र एक मिलिमीटर.

राधाबाईने मला उलटं केलं.

"आये, तिळाएवढां तर भोक."

"तिळाएवढां काय नि घागरीएवढां काय. देव खंडित झालो. खंडिताक निवेद कसो दाखवू, सत्या?"

जॉयसबाईंनी फोनवरून मला संग्रहालयासाठी मागितलं. "देव काय कपाटात ठेवतत?" एवढं बोलून राधाबाईने फोन सत्यवानच्या हातात दिला. मग ती रडली, अगदी मनापासून. मला हळदकुंकू लावलं, नव्या कापडात गुंडाळलं आणि तळ्यात सोडलं.

माझी विनंती एवढीच. ज्याच्यावर माया आहे त्याला घासण्याआधी जरा थांबा. आणि ज्याच्याविषयी कुतूहल आहे त्याला भोक पाडण्याआधी घरच्यांना विचारा. इथे तळाशी मला पुन्हा हिरवा गंज चढू लागला आहे, जॉयसबाईंना हवा होता तसाच. त्यांनी सहाएकशे वर्षांनी यावं.