पुलाखाली कोणी नाही

शटर उघडं.

पुलाखालच्या, बोळांतल्या, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही अशा जागा टिपायची तिची ठरलेली रीत होती. भर दुपारी लेन्सवर काळी काच चढवायची आणि शटर मिनिटं न् मिनिटं उघडं ठेवायचं. जे हलतं ते उमटत नाही. माणसं, गाड्या, कुत्री विरघळून जायची. उरायचे खांब, आणि खांबांमधला उजेड.

"आणि मी गं, भाचीबाई?" पुलाखाली सायकली दुरुस्त करणारा मामा विचारायचा.

"तुझ्या पायाला भिंगरी. तू कुठला येतोस फोटोत?"

"बरंय. दृष्ट तरी लागणार नाही."

शटर बंद.

तिचे फोटो गाजले. नगर कार्यालयानंही विकत घेतले. मग एके दिवशी मामाच्या खांबावर नोटीस लागली: वापरात नसलेली जागा, मोकळी करणार. खाली पुरावा म्हणून तिचाच फोटो.

ती नवे फोटो घेऊन कार्यालयात धावली. मामा, त्याचा पंप, टांगलेल्या ट्यूबा.

"हे कालचे," साहेब म्हणाले. "पाहणीच्या वेळी तिथे कोणी नव्हतं. फोटो तुमचाच आहे ना, मॅडम?"

"नव्हतं असं नाही. दिसत नव्हतं."

"म्हणजे मागाहून येऊन बसले."

तिनं घरी जुना फोटो मोठा करकरून पाहिला. खांबाशी एक फिकट धूसर आकार. मामा कंबर धरून क्षणभर थांबला असणार. त्याच्या पोटातून मागच्या विटा दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं तो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा डाग?"

शटर उघडं.

जागा मोकळी करायच्या दिवशी सकाळी ती पुलाखाली पोचली तेव्हा मामा स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर. शेजारी उलट्या ठेवलेल्या सायकलीचं चाक अजून फिरत होतं. पुलाच्या तोंडाशी पिवळं यंत्र घरघरत होतं.

"मामा, ऊठ. निदान सामान तरी काढू."

त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"लाव तुझा कॅमेरा," ओठ न हलवता तो म्हणाला. "बघू आज कसा येत नाही मी."

तिनं कॅमेरा लावला. सवयीनं हातांनी काळी काच चढवलीसुद्धा. काचेआडून तिनं पाहिलं: मामा दगडासारखा स्थिर, आणि त्याच्या मागून यंत्र पुढे सरकत होतं.

सरकत होतं, म्हणजे फोटोत ते येणारच नव्हतं.